आतषबाजी कुठून पाहावी? दख्खनच्या इतिहासातल्या टेकड्या, गच्च्या आणि गर्दी

आमचं चौसाळा सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. याच रस्त्याने दक्षिणेकडे निघालं की धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडा लागतं. फटाके आणि शोभेच्या दारूसाठी या गावाचं नाव महाराष्ट्रभर घेतलं जातं. तसंच पुढे गेलं की सोलापूर. तिथे सिद्धेश्वर महाराजांची यात्रा भरते, जिला सगळे ‘गड्डा’ म्हणतात. जानेवारीत आधी ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग अक्षता सोहळा, त्यानंतर होम आणि मग रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम. म्हणजे एकाच रस्त्यावर एक गाव दारूकाम बनवणारं आणि एक शहर दारूकाम पाहायला लोटणारं. मधल्या गावांत राहणारे आम्ही लोक दोन्हीकडचे.

अशा गर्दीत गेलेल्या प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न एकच असतो: उभं कुठे राहायचं? पुढे गेलं तर मान मोडते आणि ठिणग्या अंगावर येतात. मागे राहिलं तर लेकरांना माणसांच्या पाठीच दिसतात. बाजूला गेलं तर धूर. प्रश्न साधा वाटतो. पण मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, इतिहासाची पुस्तकं वाचायचा नाद आहे, आणि वाचता वाचता लक्षात आलं की या प्रश्नाला निदान सहाशे वर्षांचा इतिहास आहे. आतषबाजी कुणी केली हे पुस्तकात लिहिलेलं असतं. ती कुणी कुठून पाहिली, हे शोधायला गेलं की समाज कसा रचलेला होता ते दिसू लागतं.

आधी शब्दांकडे पाहू

आतश म्हणजे आग, बाज़ी म्हणजे खेळ. आतषबाजी म्हणजे आगीचा खेळ. हा फारसी शब्द मराठीत इतका मुरला की आता तो परका वाटत नाही. त्याहून गमतीचा शब्द ‘दारू’. फारसीत दारूचा मूळ अर्थ औषध. मग तोफेच्या आणि फटाक्याच्या भुकटीला दारू का म्हणतात? चिनी भाषेत या भुकटीचं नाव ‘अग्निऔषध’ अशा अर्थाचं आहे. चीनमधले किमयागार औषधं शोधत असताना हे मिश्रण हाती लागलं, त्याची खूण नावात राहिली. अरबीतही या भुकटीला ‘दवा’ म्हटलेलं सापडतं. चीनची आठवण अरब आणि इराणी लोकांनी आणखी एका ठिकाणी जपली. या मिश्रणातला मुख्य घटक सोरा. अरब त्याला ‘चीनचं बर्फ’ म्हणत आणि इराणी ‘चिनी मीठ’. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हसन अल-रम्माह या लेखकाने सोरा शुद्ध कसा करायचा आणि त्याची मिश्रणं कशी करायची हे अरबीत तपशिलाने लिहून ठेवलं.

सोरा, गंधक आणि कोळसा. आजही मूळ कृती हीच आहे: शंभर भागांत साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. चीनपासून तेरखेड्यापर्यंत ही कृती हातोहात आली. मुलांना मी नेहमी सांगतो की शब्दांनाही पासपोर्ट असतो, आणि त्यावरचे शिक्के वाचता आले पाहिजेत. दारू, अनार, महताब, तोफ हे शब्द फारसी-तुर्कीतून आले. भुईनळा आणि चंद्रज्योती इथल्या मातीतले. फटाका तर निव्वळ आवाजावरून बनलेला. एका दुकानातल्या मालाच्या यादीत इतके प्रदेश एकत्र बसलेले असतात.

आतषबाजी कुणाची?

दरवर्षी दिवाळीच्या आणि शब-ए-बरातच्या आगेमागे मोबाइलवर एक वाद फिरतो. कुणी म्हणतं हे आमचं, कुणी म्हणतं हे तुमचं, कुणी म्हणतं हे आमच्यात नव्हतंच, तुमच्याकडून आलं. इतिहास या सगळ्यांची थोडी थोडी फजिती करतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातल्या भारतीय आतषबाजीच्या इतिहासावर एक छोटा पण जबरदस्त प्रबंध लिहिला. तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृत, मराठी, फारसी आणि युरोपी प्रवाशांची साधनं त्यांनी एकत्र मांडली. ओडिशाचे गजपती राजे प्रतापरुद्रदेव यांच्या नावावर असलेल्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात शोभेच्या दारूच्या कृती आहेत. आणि आपल्या मराठवाड्यापुरतं बोलायचं तर पैठणच्या एकनाथ महाराजांच्या ‘रुक्मिणी स्वयंवर’ या काव्यात लग्नाच्या वर्णनात दारूकाम येतं. हे काव्य १५७० च्या सुमाराचं. श्रीकृष्णाचं लग्न द्वापरयुगातलं, पण नाथांनी ते आपल्या डोळ्यांसमोरच्या, निजामशाहीतल्या मराठवाड्याच्या थाटात लावलं. त्या काळी मोठ्या लग्नात आतषबाजी नसेल तर ते लग्न शोभत नव्हतं, एवढं त्यावरून नक्की कळतं.

दुसरी बाजू पाहा. शब-ए-बरातला आतषबाजी करण्याची चाल दिल्लीत फिरोजशाह तुघलकाच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकात होती. शम्स सिराज अफीफने तिचं वर्णन केलं आहे. पण उलमांना ती कधीच पसंत नव्हती. सतराव्या शतकात शेख अब्दुल हक मुहद्दिस देहलवी यांनी या रात्रीचे दिवे आणि आतषबाजी म्हणजे हिंदुस्थानातल्या दिवाळीची नक्कल आहे, अशी टीका केली. नंतरच्या काळातही ‘बहिश्ती जेवर’सारख्या घराघरांत पोचलेल्या पुस्तकाने ही फजूलखर्ची आहे असं बजावलं. म्हणजे एकीकडे मुसलमान उलमा म्हणत होते की हे दिवाळीतून आलं, आणि आज काही लोक म्हणतात की दिवाळीत हे मुसलमानांकडून आलं. खरी गोष्ट अशी की शेजारी राहणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या रात्री उजळलेल्या पाहिल्या आणि आपल्याही उजळल्या.

औरंगजेब बादशहाने १६६७ मध्ये आतषबाजीवर बंदीचा हुकूम काढला होता, हेही वारंवार उगाळलं जातं. त्या हुकमात सर्व सुभ्यांच्या मुत्सद्द्यांना आतषबाजी थांबवायला सांगितलं आहे आणि शहरात दवंडी पिटवायला सांगितलं आहे. हुकूम आतषबाजीबद्दल आहे, एखाद्या धर्माच्या सणाबद्दल नाही. शब-ए-बरातचे अनार आणि दिवाळीचे भुईनळे दोन्ही त्यात आले. जो वाचतो त्याला हे दिसतं. जो फक्त पुढे पाठवतो त्याला दिसत नाही.

उंच जागा राजाची

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाहणारे कुठे होते?

१४४३ मध्ये हेरातच्या शाहरुखचा वकील अब्दुर रज्जाक विजयनगरला होता. महानवमीच्या उत्सवाचं त्याने डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन लिहिलं. सजवलेले हत्ती, मैदानात उभारलेले अनेक मजली मंडप, नाच, गाणी आणि तऱ्हेतऱ्हेची आतषबाजी, जी सांगायला बसलं तर फार विस्तार होईल असं तो म्हणतो. राजाचं आसन सर्वांत उंच. हंपीला गेलेल्यांनी महानवमी दिब्बा नावाचा तो प्रचंड दगडी चौथरा पाहिला असेल. तिथे चढून उभं राहिलं की कळतं, राजाला सगळं दिसावं आणि सगळ्यांना राजा दिसावा, अशी ती दुहेरी सोय होती. उत्सवात प्रजा आतषबाजी पाहते आणि आतषबाजीच्या उजेडात राजाकडेही पाहते.

मुघलांनी हीच गोष्ट नदीकाठी केली. १६३३ मध्ये शाहजादा दारा शुकोहचं नादिरा बानूशी आग्र्यात लग्न झालं. यमुनेच्या काठावर आतषबाजी झाली आणि राजघराण्याने ती किल्ल्यावरून पाहिली. ही जागा फार विचारपूर्वक निवडलेली वाटते. आग खाली वाळवंटात, पाहणारे वर तटावर, मध्ये मोकळी जागा, आणि पाण्यात प्रत्येक ठिणगीचं दुसरं रूप. मुघल आणि नंतरच्या चित्रशैलींत गच्चीवर जमून आतषबाजी पाहणाऱ्या, हातात फुलझडी धरलेल्या स्त्रियांची चित्रं बरीच आहेत. पडद्यातल्या स्त्रियांसाठी गच्ची हीच पाहण्याची जागा होती. आमच्या आजी-नानींच्या पिढीपर्यंत हे तसंच होतं. वरात रस्त्यावर, बायका गच्चीवर. कधी कधी वाटतं, रस्त्यावरच्या पुरुषांपेक्षा त्यांनाच चांगलं दिसत असणार.

दख्खनच्या सुलतानांचा हात या बाबतीत सैल होता. मलिक अंबरच्या मुलाचं लग्न १६०९ मध्ये विजापूर दरबारातल्या एका सरदाराच्या मुलीशी झालं, तेव्हा इब्राहिम आदिलशहाने फक्त आतषबाजीवर ८०,००० रुपये खर्च केल्याचं इतिहासाच्या पुस्तकांत वाचायला मिळतं. याच इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात फरिश्ता आपला इतिहास लिहीत होता. हा फरिश्ता आमच्या शेजारच्या अहमदनगरात वाढलेला. १२५८ च्या सुमारास हुलागूचा वकील दिल्लीला आला तेव्हा आतषबाजीच्या ३,००० गाड्या त्याच्या स्वागताला नेल्या होत्या, असं तो लिहितो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल हा आकडा जसाच्या तसा घ्यावा असं मला वाटत नाही. पण आतषबाजीवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या दरबारात बसलेल्या लेखकाला ३,००० गाड्यांचं नवल वाटलं नसेल, हे मात्र समजू शकतं.

पर्वतीवरून दिसलेली लंका

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो पुण्याचा प्रसंग. पेशव्यांच्या बखरीत तो आला आहे आणि गोड्यांनी त्याची दखल घेतली आहे. महादजी शिंदे १७९२ मध्ये पुण्याला आले आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला वारले. प्रसंग या दरम्यानचा. तरुण सवाई माधवराव पेशव्यांना महादजींनी राजस्थानातल्या कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं. तिथला राजा गावाबाहेर ‘दारूची लंका’ करतो. मध्ये रावण, भोवती राक्षस, वानर आणि एक मोठा हनुमान, सगळे दारूचे. हनुमानाच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडतो आणि लंकेची घरं पेटत जातात.

पेशव्यांनी ऐकलं आणि म्हणाले, आम्हालाही दाखवा. पंधरा दिवस तयारी चालली. जागा निवडली पर्वतीच्या पायथ्याची, रात्र निवडली अंधाराची. पेशवे आणि सरदार पर्वतीवर जाऊन बसले आणि वरून लंका जळताना पाहिली. पुण्याची रयत मोठ्या संख्येने जमली होती, असंही बखर सांगते.

पर्वती चढलेल्याला ही निवड किती अचूक होती हे लगेच पटेल. १०३ पायऱ्या चढून वर गेलं की खालचं सगळं तबकात मांडल्यासारखं दिसतं. ही लंका जमिनीवर मांडलेली होती, आकाशात उडणारी नव्हती. घरं एकामागून एक कशी पेटतात हा तिचा मुख्य खेळ. तो वरूनच कळणार. खाली सपाटीवर पुढच्या रांगेतल्याला रावण दिसला असेल, लंका दिसली नसेल. मागच्याला फक्त उजेड आणि पुढच्यांचे मुंडासे. एकच खेळ, पण बसण्याच्या जागेप्रमाणे प्रत्येकाने वेगळा पाहिला.

तिकीट काढून आकाश

युरोपात याच काळात एक नवी गोष्ट घडत होती. लंडनमध्ये व्हॉक्सहॉलसारख्या बागा निघाल्या होत्या: पैसे भरा, आत या, संगीत ऐका, दिवे पाहा, खा-प्या. आजच्या थीम पार्कची ही पणजी म्हणता येईल. एप्रिल १७४९ मध्ये राजाच्या आतषबाजीसाठी हँडेलने रचलेल्या संगीताची तालीम व्हॉक्सहॉलमध्ये झाली. १२,००० लोक तिकीट काढून आले आणि लंडन ब्रिजवर तीन तास गाड्या अडकून पडल्या, असं तेव्हा छापून आलं. सहा दिवसांनी ग्रीन पार्कमध्ये खरी आतषबाजी झाली तेव्हा तिच्यासाठी बांधलेल्या मंडपाचा एक भागच पेटला. योगायोग असा की नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर त्याच १७४९ सालचं.

बागेच्या मालकाने राजाची उंच जागा काढून घेतली आणि ती तिकिटावर विकायला ठेवली. अमेरिकेत १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत रात्रीची आतषबाजी तिथला नियम झाली. तिथे जाणारी माणसं दोन-दोन तास आधी जागा धरून बसतात, जास्त पैसे भरून राखीव जागा घेतात. आमच्याकडे यात्रेत सतरंजी टाकून जागा धरतात. फरक पैशाचा, हौस तीच.

पण जागेचा प्रश्न नेहमी हौसेपुरता राहत नाही. ३० मे १७७० ला पॅरिसमध्ये फ्रान्सच्या युवराजाच्या लग्नानिमित्त आतषबाजी झाली. खेळ संपताना लोक एका रस्त्याने बाहेर पडू लागले, त्याच रस्त्याने काही आत येत होते. चेंगराचेंगरीत सरकारी आकड्याप्रमाणे १३२ माणसं गेली. १० एप्रिल २०१६ ला केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या पुट्टिंगल मंदिरात पहाटेच्या आधी आतषबाजी चालू असताना साठवलेली दारू पेटली आणि शंभराहून अधिक लोक मेले. इमारतीचे तुकडे दूरवर उडाले आणि लांब उभी असलेली माणसंही त्यात सापडली. पहिल्या घटनेत जाण्याचा रस्ता चुकीचा होता. दुसऱ्या घटनेत दारूसाठा आणि माणसं यांच्यात पुरेसं अंतर नव्हतं. दोन्ही वेळा मेले ते तटावर किंवा टेकडीवर बसलेले नव्हते.

मग उभं कुठे राहायचं?

इतिहासाने शिकवलेलं थोडं हिशोबात मांडतो, कारण यात्रेला जाणाऱ्याला तेच कामाचं आहे.

आकाशात फुटणाऱ्या औटाचा ढोबळ नियम असा: व्यासाच्या दर इंचामागे तो साधारण १०० फूट वर जातो, आणि दर इंचामागे प्रेक्षक निदान ७० फूट लांब हवेत. म्हणजे ६ इंची औट ६०० फुटांवर फुटेल आणि प्रेक्षक ४२० फुटांच्या आत नकोत. पण सुरक्षित अंतर म्हणजे चांगलं अंतर नव्हे. उंचीच्या दुपटीच्या आसपास लांब उभं राहिलं तर मान न दुखता पूर्ण फूल दिसतं. लहान मुलांना कळेल अशी एक युक्ती आहे. प्रकाश लगेच दिसतो, आवाज सेकंदाला साधारण १,१०० फूट चालतो. उजेड आणि आवाज एकदमच आले तर तुम्ही फार जवळ आहात. उजेडानंतर मनात ‘एक’ म्हणून झाल्यावर आवाज आला तर जागा उत्तम.

दुसरं, वारा. गेल्यावर आधी कुठल्यातरी झेंड्याकडे पाहा. वारा आपल्या पाठीकडून दारूकामाकडे जात असला पाहिजे, म्हणजे धूर आणि राख समोर जाते. तिसरं, दारू जमिनीवर मांडलेली असेल तर उंच जागा शोधा. आकाशातली असेल तर सपाट मोकळी जागा पुरते, उंचीसाठी जुन्या गच्चीवर किंवा पडक्या भिंतीवर गर्दी करू नका. चौथं आणि सर्वांत मोठं: आधी जाण्याचा रस्ता पाहा, मग बसण्याची जागा. म्हातारी माणसं आणि लेकरं बरोबर असतील तर गर्दीच्या कडेला, रस्त्याजवळ बसा. पाच मिनिटांचा शेवटचा मोठा खेळ थोडा कमी दिसला तरी चालेल.

यात्रा आणि उरूस भरवणाऱ्या कमिट्यांनाही सांगावंसं वाटतं. आपल्या गावात छबिन्याला आणि संदलला दारूकाम होतं, तेव्हा पाहुण्यांच्या खुर्च्या कुठे मांडायच्या यावर बराच खल होतो. बायका आणि मुलं कुठे बसतील, बाहेर जायला दोन रस्ते आहेत का, यावर तेवढाच वेळ दिला पाहिजे. पर्वतीवर पेशवे बसले तेव्हा रयतेसाठी जागा कुणी आखली होती का, हे बखर सांगत नाही. आज आपण आखू शकतो.

शेवटी एक माणूस उरतो, ज्याचा उल्लेख ना अब्दुर रज्जाक करतो ना बखर. तो म्हणजे दारूकाम करणारा. दारा शुकोहच्या लग्नात यमुनेच्या वाळूत तो होता, पर्वतीच्या पायथ्याशी पंधरा दिवस हनुमानाची शेपटी भरत तोच होता. आज तेरखेड्याच्या कारखान्यांत तोच आहे. तिथे स्फोट झाल्याच्या, मजूर दगावल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आणि पान उलटतो. खेळाच्या रात्री सगळे आकाशाकडे पाहत असतात. हा एकटा खाली वाकून वातीकडे पाहत असतो, कारण पुढची बत्ती कधी द्यायची हे त्याला ठरवायचं असतं. सगळ्या मैदानात सर्वांत वाईट जागा त्याची, आणि तिच्याशिवाय बाकी कुठल्याच जागेला अर्थ नाही.